आमचा बंड्या आणि डेकवरची 'करडी मांजरी' : रॅकूनचं काय करता?

झिम्मड | ९ जून, रात्री ११:४०

मांजरवाल्यांनो, मदत हवी आहे. आधी किस्सा ऐका.

आम्ही टोरांटोत, स्कारबरोला राहतो. घरामागे हायलंड क्रीकची घळ, म्हणजे इथल्या भाषेत रॅव्हिन. आमचा बोका बंड्या, वय सहा, वजन साडेपाच किलो, रंग नारिंगी, स्वभाव सरकारी कारकुनाचा. उन्हाळ्यात त्याला डेकवर (मागच्या लाकडी ओट्यावर) बसता यावं म्हणून नवऱ्याने मागच्या दाराला एक छोटं झुलतं दार बसवलंय.

परवा रात्री पावणेदोनला स्वयंपाकघरातून पाण्याचा आवाज यायला लागला. नळ गळतो तसा नाही, कुणीतरी वाटीत हात घालून खळबळ करावी तसा. नवरा ढिम्म. मी मोबाईलचा दिवा लावून खाली गेले, तर बंड्याच्या जेवणाच्या कोपऱ्यात पाठमोरं एक गाठोडं बसलेलं. रॅकून! (इथला निशाचर रानटी प्राणी, डोळ्यांभोवती काळे पट्टे.) कोरड्या खाण्याचा एकेक दाणा उचलायचा, पाण्याच्या वाटीत टाकायचा, दोन्ही तळव्यांत घोळवायचा आणि मग तोंडात. माझी आई तांदूळ निवडते त्याच तल्लीनतेने. बंड्या फ्रिजवर. शेपटीचा बाटली घासायचा ब्रश झालेला, तोंडातून आवाज नाही.

रॅकूनने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा दाणा उचलला. मी परात आणि लाटणं घेऊन थाळीनाद केला तेव्हा कुठे निघाला. झुलत्या दारातून बाहेर पडताना त्याचं बूड अडकलं. ते सुटलं, आणि मी श्वास सोडणार तेवढ्यात एक काळा हात पुन्हा आत आला, चाचपडला आणि वाटी ओढायला लागला.

सकाळी चहाला आईला सांगितलं. (आई एप्रिलअखेरीस सांगलीहून आली आहे.) ती शांतपणे म्हणाली, "अगं, तीच असेल. करडी मांजरी येते ना पायरीवर, डोळ्यांत काजळ घातलेली." म्हणजे गेले तीन आठवडे आई रोज संध्याकाळी डेकच्या पायरीवर स्टीलच्या वाटीत दूध-पोळी ठेवत होती. रॅकूनसाठी!

आता प्रश्न. बंड्याला यांच्यापासून धोका आहे का? मारून खातात का हे? आणि काल संध्याकाळी डेकखालून चिवचिवल्यासारखे आवाज आले, त्यामुळे मला वेगळीच शंका यायला लागली आहे.

पुणेरी_पाटी | १० जून, सकाळी ७:०५

तुमच्याकडे येणाऱ्याने दूध-पोळी खाऊन वाटी धुऊन ठेवली का? नसेल तर अतिथी पुण्याचा नाही, एवढं नक्की.

काकडी_कोशिंबीर | १० जून, सकाळी ७:३२

हसून हसून पुरेवाट! 'डोळ्यांत काजळ घातलेली' :)) काकूंना साष्टांग नमस्कार.

भटका_जीव | १० जून, सकाळी ८:१५

टोरांटोत २२ वर्षं काढली, त्या जोरावर सांगतो. या शहरात रॅकूनशी वैर घेऊन कुणी जिंकलेलं नाही. २०१६ मध्ये महापालिकेने ओल्या कचऱ्याचे नवे हिरवे डबे घरोघरी वाटले. झाकणाला फिरवायची कडी, खर्च ३ कोटी १० लाख डॉलर. तेव्हाचे महापौर जॉन टोरी 'रॅकून नेशन' विरुद्ध लढाईच्या गोष्टी करायचे. दोन वर्षांत वर्तमानपत्रात बातमी आली की काही रॅकून डबा आडवा पाडून कडी फिरवायला शिकलेत. सगळ्यांना जमत नाही, पण तुमच्या गल्लीतल्या एकीला जमलं तरी पुरे.

आणि तुम्ही झुलतं दार लावून बसलाय? त्याला दार म्हणत नाहीत, निमंत्रणपत्रिका म्हणतात.

मारून खाण्याबद्दल: धडधाकट मोठ्या मांजराच्या वाटेला सहसा जात नाहीत. पिल्लं असतील तर गोष्ट वेगळी. रॅव्हिनला लागून घर म्हणता, तर खरी भीती कायोटीची (इथला लांडग्यासारखा शिकारी प्राणी). तो मांजर उचलतो आणि खातोही. रॅकूनच्या नादात ते विसरू नका.

रातांबा | १० जून, दुपारी १२:५०

हे वाचून आमच्या मालवणच्या घरचा कांडेचोर आठवला. (घाटावर उदमांजर म्हणतात.) रात्री कौलांवरून धाडधाड पळायचा, पपई पिकली की पहिला घास त्याचा. आमची मनी त्याला बघून अशीच फुगायची, पण दोघांत कधी मारामारी झालेली पाहिली नाही. तो वरच्या मजल्याचा भाडेकरू आणि मनी खालच्या, असा काहीतरी करार असावा. रॅकून आणि कांडेचोर एकाच घरातले का हो?

तळटीप | १० जून, दुपारी १:२०

नाहीत. उदमांजर सिव्हेटच्या कुळातलं, मांजर-मुंगसाच्या बाजूचं. रॅकून अस्वल-कुत्र्यांच्या बाजूचा, आणि मूळ फक्त अमेरिका खंडातला.

अवांतर: 'रॅकून' हा शब्द व्हर्जिनियातल्या पोव्हाटन लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आला. अर्थ साधारण 'हातांनी खरवडणारा'. शास्त्रीय नाव प्रोसिऑन लोटर. लोटर म्हणजे धुणारा. जर्मन वाशबेअर आणि जपानी आराइगुमा, दोन्हींचा अर्थ धुणारं अस्वल. आणि प्रोसिऑन म्हणजे 'कुत्र्याच्या आधीचा', कारण त्या नावाचा तारा व्याधाच्या (पाश्चात्त्यांच्या 'डॉग स्टार'च्या) थोडा आधी उगवतो. आपल्या खगोलाच्या पुस्तकांत त्या ताऱ्याला 'प्रश्वा' म्हणतात. प्र + श्वा. तेव्हा मराठीत रॅकूनला प्रश्वा म्हणावं असा ठराव मी मांडतो.

पुणेरी_पाटी | १० जून, दुपारी १:२४

'काल आमच्या कचऱ्याच्या डब्यात प्रश्वा शिरला.' छे हो. धुतोच आहे तर सरळ 'धुणंभांडी' म्हणा.

तळटीप | १० जून, दुपारी १:४१

तो धूतही नाही, हाच तर गैरसमज. पंजे ओले झाले की कातडी मऊ पडते आणि स्पर्श जास्त कळतो. त्याच्या मेंदूतला स्पर्शाचा मोठा हिस्सा या दोन पंजांसाठी राखलेला असतो. आपण डोळ्यांनी पाहतो, तो हातांनी 'पाहतो'. झिम्मड यांनी पाहिलं ते धुणं नव्हे, वाचन होतं.

खूर_शेपूट | १० जून, रात्री ९:१०

सगळं गमतीत चाललंय म्हणून थोडी गंभीर होते. मी जनावरांची डॉक्टर, काम टोरांटोजवळ, हॅमिल्टनच्या बाजूला. उन्हाळ्यात महिन्यातून एकदोन तरी 'रॅकूनशी भांडलेली' मांजरं टेबलावर येतात.

पहिलं: मांजर आणि रॅकून रात्रीच्या रात्री एकमेकांसमोर बसून काढतात. भटक्या मांजरांना खाऊ घालणाऱ्या कुणालाही विचारा, एकाच ताटात तोंड घातलेले फोटो दाखवतील. दोघांनाही मार खाण्यात रस नसतो. ठिणगी पडते ती तीन कारणांनी: खाणं, पिल्लं आणि पळायला वाट नसणं. मोठा रॅकून पाच ते बारा किलोपर्यंत भरतो, तुमचा बंड्या साडेपाच. फ्रिजवर बसला हे त्याचं शहाणपण.

झिम्मड, तुमच्या डेकखाली तिन्ही कारणं एकत्र आली आहेत. इथे पिल्लं एप्रिल-मेमध्ये होतात, एका वेताला तीन ते पाच. आवाज चिवचिवाटाचा असेल तर पिल्लं डेकखालीच आहेत. आणि आई वाटी ठेवताहेत ती नेमकी बाळंतिणीच्या दारात.

आता रेबीज. हा कॅनडातला विषय नाही असं आपल्या लोकांना वाटतं, कारण इथे गल्लीत कुत्री नसतात. रॅकूनचा रेबीज आपल्या ओंटारियो प्रांतात १९९९ मध्ये अमेरिकेतून शिरला. खूप खर्च करून तो हटवला, २००५ नंतर दहा वर्षं एकही केस नव्हती. मग डिसेंबर २०१५ मध्ये हॅमिल्टनला प्राणी-नियंत्रणाच्या गाडीत दोन मोठे कुत्रे आणि एक रॅकून एकमेकांना भिडले. तो रॅकून तपासला तर पॉझिटिव्ह. तेव्हापासून पुन्हा विमानातून, हेलिकॉप्टरमधून आणि हाताने लशीची आमिषं टाकणं चालू झालं. मातकट हिरवी चौकोनी पुडी, तिला व्हॅनिला-मार्शमेलोचा वास. दिसली तर पोरांना हात लावू देऊ नका.

म्हणूनच ओंटारियोत तीन महिन्यांवरच्या प्रत्येक मांजराला रेबीजची लस कायद्याने सक्तीची आहे. 'आमचं घरातच असतं' ही सबब चालत नाही. परवा रॅकूनच घरात आला होता ना?

दिवसा दिसला की पिसाळलेलाच, असंही नाही. अंगावर पाजणारी आई दिवसासुद्धा खाणं शोधते. झोकांड्या खाणारा, डोळ्यांना चिपडं, माणसाला बघून न हलणारा दिसला तर ३११ ला (महापालिकेच्या मदत क्रमांकाला) फोन करा. बहुतेक वेळा तो डिस्टेंपर हा विषाणूचा आजार असतो, कुत्र्यांना होतो तोच. मांजरांना तो होत नाही. पण मांजरांचा पॅनल्युकोपेनिया हा विषाणूचा आजार रॅकूनना होतो, तेव्हा ती लसही चुकवू नका.

वाटी आजपासून बंद. काकूंना माझा नमस्कार सांगून बंद.

झिम्मड | १० जून, रात्री १०:३०

धन्यवाद डॉक्टर. आईला हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणाली, "बाळंतीण आहे, आणि तू म्हणतेस वाटी बंद कर?" आता घरात शीतयुद्ध.

भटका_जीव | १० जून, रात्री १०:५२

काकूंना सांगा, टोरांटोत एप्रिल २०२३ पासून रानटी प्राण्यांना स्वतःच्या अंगणातही खाऊ घालायला बंदी आहे. दंड होतो.

माजघर | ११ जून, सकाळी ६:४०

जरा काकूंची बाजू घेते. आपल्याकडे पहिला घास गाईला, कावळ्याला, दारातल्या कुत्र्याला ठेवतात. आयुष्यभर ते केलेल्या बाईला परदेशात येऊन करायचं काय? मुलं ऑफिसला, शेजारी बोलत नाहीत, रस्त्यावर माणूस दिसत नाही. संध्याकाळी ठरलेल्या वेळी एक जीव येतो आणि तुमच्या हातचं खातो. मी दंडाच्या भाषेत बोलले नसते.

(तरीही वाटी बंद करा, हे मान्य.)

काकडी_कोशिंबीर | ११ जून, सकाळी ७:१५

+१ माजघर. आमच्या न्यू जर्सीत सासूबाई हरणांना गाजरं घालायच्या, मग अंगणातल्या टोमॅटोंचं जे झालं ते विचारू नका.

पण रेबीजबद्दल डॉक्टरांना अनुमोदन. अमेरिकेत पाळीव प्राण्यांमध्ये दरवर्षी सर्वांत जास्त रेबीज कुणात सापडतो? कुत्र्यांत नाही, मांजरांत! इथे पूर्व किनाऱ्यावर रॅकूनचा रेबीज पसरला तोसुद्धा माणसाच्या कृपेने. सत्तरच्या दशकात शिकारीसाठी दक्षिणेतले रॅकून उचलून व्हर्जिनियाच्या बाजूला आणून सोडले, त्यांच्याबरोबर तो आला.

वाडगं_भर_सूप | ११ जून, दुपारी ३:००

जर्मनीतून. इथे कासेल शहरात रॅकूनचा इतका सुळसुळाट आहे की लोक पन्हाळीच्या पाइपांना गुळगुळीत पत्रा गुंडाळतात, वर चढता येऊ नये म्हणून. इथे तो मुळात नव्हताच. १९३४ मध्ये जवळच्या एडरझे तलावापाशी दोन जोड्या मुद्दाम सोडल्या, 'जंगलाला शोभा' म्हणून. आता मोजदाद अशक्य. २०१६ पासून युरोपीय संघाच्या घुसखोर प्रजातींच्या यादीत आहे.

आमची मांजरी आणि एक वाशबेअर, दोघंही गच्चीच्या कठड्यावर दोन टोकांना बसतात. सीमेवर बीएसएफ आणि रेंजर्स बसतात तशी. जर्मनी २००८ पासून कोल्ह्यांच्या रेबीजमधून मुक्त आहे, म्हणून तुमच्याइतकी धास्ती नाही. पण त्यांच्या विष्ठेतला गोलकृमी इथेही आहे, त्याबद्दल कुणीच कसं बोललं नाही?

खूर_शेपूट | ११ जून, रात्री ८:२५

बरं झालं आठवण केलीत. रॅकून ठरलेल्या जागी शौचाला जातात: लाकडांच्या ढिगावर, छपराच्या कोपऱ्यात, मुलांच्या वाळूच्या चौकोनात. त्यात बेलिसास्करिस नावाच्या कृमीची अंडी असतात. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच लागण करत नाहीत, दोन ते चार आठवडे घेतात. म्हणून सापडली की त्याच दिवशी उचला. हातमोजे, तोंडाला मास्क, आणि जागेवर उकळतं पाणी. ब्लीचने ती मरत नाहीत. मांजरांना याचा त्रास क्वचित, माणसांच्या लहान मुलांना मात्र थेट मेंदूपर्यंत जाऊ शकतो. वाळूच्या चौकोनाला झाकण हवंच.

झिम्मड | १५ जून, पहाटे २:५०

व्हायचं ते झालं. हात थरथरताहेत, चुका समजून घ्या.

झुलतं दार आम्ही टेप लावून बंद केलं होतं. अकराच्या सुमारास नवरा कचऱ्याचा डबा लावायला मागच्या दाराने गेला आणि बंड्या त्याच्या पायांतून निसटला. सरळ डेकखाली. मग जो आवाज आला तो मांजराचा नव्हता आणि कुत्र्याचाही नव्हता. गुरगुरणं, किंचाळणं आणि फळ्यांवर आपटणं. मोजून दहा-बारा सेकंद. बंड्या तोफेच्या गोळ्यासारखा घरात आणि थेट सोफ्याखाली.

मी त्याला हातांनी ओढून काढला. शेपटीच्या मुळाशी ओलं लागलं. दिव्यात बघितलं तर दोन भोकं, रक्त थोडंच. अंग लाळेने चिकट. त्याची का तिची, माहीत नाही.

आता काय करू? सकाळपर्यंत थांबू का? आई देवापाशी बसली आहे. तिला वाटतंय तिच्यामुळे झालं.

खूर_शेपूट | १५ जून, पहाटे ३:०५

जागी आहे. आधी तुमचे हात साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं. घड्याळ लावून. हातावर कुठे खरचटलंय का, बंड्याने ओरबाडलंय का, नीट बघा. आता त्याला हात लावताना जाड टॉवेल आणि हातमोजे. एका खोलीत बंद करा. रक्त वाहत नसेल आणि श्वास नीट असेल तर सकाळी दवाखाना उघडताच चालेल. नसेल तर आत्ता रात्रीच्या इमर्जन्सीत. लशीचा कागद शोधून ठेवा, पहिला प्रश्न तोच येईल.

झिम्मड | १५ जून, पहाटे ३:४०

हात धुतले. ओरखडा नाही. श्वास ठीक. कागद सापडत नाहीये.

झिम्मड | १५ जून, पहाटे ४:१५

सापडला. फ्रिजच्या वर, हळदीकुंकवाच्या वाणाच्या पिशवीत. कसा गेला तिथे, देव जाणे. लस ऑक्टोबरपर्यंत लागू आहे.

माजघर | १५ जून, सकाळी ६:१०

हुश्श. काकूंना सांगा, बाहेर निसटणारा बोका कुणाच्याही घरातून निसटतो. त्यांच्यामुळे नाही झालं.

झिम्मड | १७ जून, रात्री ९:३०

सविस्तर लिहिते, पुढे कुणाला तरी उपयोग होईल.

दवाखान्यात शेपटीभोवतीचे केस काढले तर दोन नाही, पाच भोकं निघाली. मांजराच्या दाट केसांत चावा लपतो, वरची कातडी मिटते आणि आत पू धरतो. तीन दिवसांनी गळू होऊन आला असता, असं त्या म्हणाल्या. जखमा धुतल्या, अँटिबायोटिक दिलं. लस लागू असूनही रेबीजचा बूस्टर लगेच दिला, आणि काही आठवडे घरात ठेवून लक्ष ठेवायला सांगितलं. खाणं सोडलं, स्वभाव बदलला, गिळताना त्रास दिसला तर ताबडतोब कळवायचं. लस नसती तर कित्येक महिने वेगळं कोंडून ठेवावं लागलं असतं. तो कागद आता मी देव्हाऱ्यात ठेवलाय.

सार्वजनिक आरोग्य विभागाकडून फोन आला. बाईंनी शांतपणे बरंच विचारलं: चावला का, ओरबाडलं का, लाळ उघड्या जखमेला लागली का, डोळ्यांत गेली का. सगळ्याला 'नाही', म्हणून मला इंजेक्शनं नाहीत. आई मागून विचारत होती, "पोटात चौदा का गं?" लहानपणी आमच्या गल्लीतल्या एका मुलाला ती घेताना तिने पाहिली होती. तिला सांगितलं, आता दंडात आणि मोजकीच असतात. विश्वास बसलेला दिसला नाही.

आता डेकखालचं बिऱ्हाड. हाकलायचं कसं? पिंजरा लावून लांब जंगलात सोडून यावं, असं नवरा म्हणतोय.

भटका_जीव | १७ जून, रात्री १०:१०

मुळीच नाही. ओंटारियोत पकडलेला प्राणी एक किलोमीटरपेक्षा लांब नेऊन सोडणं बेकायदा आहे. रोग असाच पसरतो, वर न्यू जर्सीकरांनी लिहिलंच आहे. आणि आई पिंजऱ्यात गेली तर पिल्लं तुमच्या डेकखाली उपाशी मरतील. पुढचा वास तुम्ही घ्याल.

तिला फक्त गैरसोय करा. दिवसा डेकखाली झगझगीत दिवा आणि माणसांच्या बोलण्याचा रेडिओ. गाणी नको, बडबड हवी. रॅकून आईची एकापेक्षा जास्त बिळं ठरलेली असतात. दोन-तीन रात्रींत एकेक पिल्लू मानेला धरून हलवते. सगळी गेल्याची खात्री झाल्यावरच जाळी.

पुणेरी_पाटी | १७ जून, रात्री १०:१८

माणसांची अखंड बडबड हवी असेल तर मराठी वृत्तवाहिनीवरची रात्री नऊची चर्चा लावा. आम्हीही त्या वेळी घर सोडतो.

झिम्मड | २२ जून, रात्री १०:०५

पुणेरी_पाटी, तुमचा 'हलके घ्या' छापाचा सल्ला आम्ही खरोखर अमलात आणला. जुना फोन प्लास्टिकच्या डब्यात घालून डेकखाली ठेवला आणि मराठी चर्चा लावल्या. पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या रात्री, काल, सव्वादहाला आई खिडकीतून कुजबुजली, "ये लवकर."

ती बाहेर आली, तोंडात पिल्लू. कुंपणाच्या खांबावर चढली, माथ्यावरून पलीकडे डोकं खाली करून सरळ उतरली, मागचे पाय उलटे फिरवून. खारीसारखी. दहा मिनिटांनी रिकाम्या तोंडाने परत. असं चार वेळा. चौथं पिल्लू थोराड होतं, ते मध्येच निसटून पायरीवर आलं आणि जिथे वाटी असायची ती जागा हातांनी चाचपत बसलं. तिने त्याला मानेला धरलं आणि गेली.

आई काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "चार होती. दूध पुरत नव्हतं म्हणून आत आली असेल."

बंड्या काचेच्या दाराशी आतून बसून सगळं बघत होता. गळ्यात जखम चाटू नये म्हणून घातलेला प्लास्टिकचा कर्णा, त्यामुळे दर वेळी मान वळवली की काचेवर टक्.

काकडी_कोशिंबीर | २२ जून, रात्री १०:३०

डोळ्यांत पाणी आलं. हसून की कशाने, कळलं नाही.

तळटीप | २३ जून, सकाळी ८:००

>> मागचे पाय उलटे फिरवून

घोट्यात १८० अंशांपर्यंत वळतात. एवढ्या आकाराच्या प्राण्यांत दुर्मीळ गोष्ट. प्रश्वाचा ठराव अजून टेबलावर आहे.

वाडगं_भर_सूप | २३ जून, दुपारी २:१५

जाळी कुठली लावली? आणि झुलत्या दाराचं काय केलंत? आमच्याकडे मांजराच्या कातडीखालच्या चिपवर उघडणारं दार आहे, पण एकाने नखं घालून ते बाहेरच्या बाजूला ओढून उघडलं.

झिम्मड | २४ जून, रात्री ८:४५

दार काढून टाकलं, तिथे फळी ठोकली. बंड्यासाठी डेकच्या कोपऱ्यात चारी बाजूंनी आणि वरून बंद असा जाळीचा पिंजरा बांधतोय, ज्याला इथे कॅटिओ म्हणतात. रात्री त्यातही नाही.

डेकखाली: अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली लोखंडी जाळी. कोंबड्यांची षट्कोनी जाळी घेऊ नका, ती हातांनी फाडतात. जमिनीत फूटभर पुरायची आणि तळाला बाहेरच्या अंगाला वळवायची, म्हणजे खणायला आलं की पायाखाली जाळीच लागते. पुरण्याआधी आम्ही फटींमध्ये वर्तमानपत्राचे बोळे कोंबून तीन रात्री थांबलो. एकही हलला नाही, तेव्हा कळलं की आत कुणी नाही.

वाटी आईने घासून तिच्या बॅगेत ठेवली आहे, सांगलीला न्यायला.

रातांबा | २४ जून, रात्री ९:२०

काकूंना सांगा, सांगलीहून पुढे मालवणला या. आमचा कांडेचोर पोळी खात नाही, पण पिकलं केळं चालतं.